एक इंजिन, दोन इतिहास : तुरिनची 'चिसितालिया डी-४६' आणि कुर्ल्याची 'प्रीमियर पद्मिनी' — एक तुलनात्मक अभ्यास

सारांश

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील तुरिन शहरात 'चिसितालिया डी-४६' ही लहान इंजिनाची शर्यतीची मोटार तयार झाली. तिचे इंजिन फियाट कंपनीच्या १०८९ घनसेंटीमीटर क्षमतेच्या सामान्य प्रवासी मोटारीचे होते. याच कुळातील इंजिन पुढे मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि 'फियाट' व 'पद्मिनी' या नावांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकले. एकाच यंत्राचे दोन समाजांत घडलेले हे दोन इतिहास प्रस्तुत निबंधात शेजारी ठेवून पाहिले आहेत. यंत्र आयात करता येते, परंतु त्यात बदल करण्याचा अधिकार व सवय आपोआप आयात होत नाही, हे यातून स्पष्ट होते. तसेच यंत्र टिकवून ठेवणाऱ्या कारागिरांच्या ज्ञानाची नोंद आपल्या इतिहासलेखनाने घेतलेली नाही, याकडेही हा निबंध लक्ष वेधतो.

बीजसंज्ञा : चिसितालिया, फियाट ११००, वालचंद हिराचंद, प्रीमियर ऑटोमोबाईल्स, परवाना पद्धती, तंत्रज्ञानाचा इतिहास.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापडगिरण्या, साखर कारखाने आणि कामगार चळवळ या तीन विषयांभोवती फिरत आले आहे. विदर्भापुरते पाहिले तर कापूस, जिनिंग-प्रेसिंग आणि रेल्वे यांच्या पलीकडे आपण क्वचितच जातो. मोटारीचा इतिहास हा हौशी लोकांचा विषय मानला जातो आणि शर्यतीच्या मोटारीचा इतिहास तर श्रीमंतांच्या करमणुकीचा. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे वळण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या स्वरूपातच आहे. राजवट बदलते, कायदे बदलतात, कंपन्यांची नावे बदलतात. परंतु सिलिंडरचा व्यास व दट्ट्याची धाव ही मापे दशकानुदशके तशीच राहू शकतात. अशा वेळी यंत्र हेच एक प्रकारचे ऐतिहासिक साधन ठरते. एकच यंत्र दोन देशांत, दोन वेगळ्या अर्थव्यवस्थांत गेले आणि दोन्ही ठिकाणी त्याचे वेगवेगळे झाले, तर त्या वेगळेपणाचे कारण यंत्रात नसून समाजात शोधावे लागते. फियाटचे १०८९ घनसेंटीमीटरचे इंजिन हे असे एक दुर्मिळ उदाहरण आहे. तुरिनमध्ये त्यातून ताझिओ नुवोलारीसारख्या जगप्रसिद्ध चालकाने चालवलेली शर्यतीची गाडी निर्माण झाली. मुंबईत त्यातून काळ्या-पिवळ्या टॅक्सीची निर्मिती झाली आणि मारेगाव, वणी, पांढरकवडा यांसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत 'फियाट' हा शब्द मोटारीला समानार्थी म्हणून पोहोचला.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) 'चिसितालिया डी-४६' च्या निर्मितीमागील आर्थिक व सामाजिक परिस्थितीचा आढावा घेणे.
(२) त्याच कुळातील इंजिनाच्या महाराष्ट्रातील वाटचालीचा मागोवा घेणे.
(३) दोन्ही वाटचालींतील फरकाची कारणे तपासणे.
(४) या इतिहासात कारागीर व कामगार यांचे स्थान निश्चित करणे.

निबंधासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. तांत्रिक तपशील युक्तिवादाला आवश्यक तेवढाच दिला आहे.

३. इंजिनाचा जन्म

फियाट कंपनीने १९३७ मध्ये '५०८ सी बालिला ११००' ही मोटार बाजारात आणली. तिची रचना दांते जाकोसा या अभियंत्याच्या हातून झाली होती. त्याआधी १९३६ मध्ये ५६९ घनसेंटीमीटरची, 'तोपोलिनो' म्हणजे 'उंदराचे पिल्लू' या लाडक्या नावाने ओळखली जाणारी 'फियाट ५००' देखील त्यानेच साकारली होती. नव्या मोटारीच्या इंजिनाला चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. या हिशेबाने एकूण क्षमता १०८९ घनसेंटीमीटर होते. मूळ शक्ती सुमारे ३२ अश्वशक्ती होती.

हे आकडे आज किरकोळ वाटतात. परंतु या इंजिनाची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची होती. एक म्हणजे त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेले होते, त्यामुळे शक्ती वाढवण्यास वाव होता. दुसरे, ते मोठ्या संख्येने तयार होत असल्याने सुटे भाग स्वस्त व सर्वत्र उपलब्ध होते. तिसरे, त्याची रचना इतकी सरळ होती की साधारण कारागिरालाही ते उघडून पुन्हा जोडता येई. पुढील पन्नास-साठ वर्षांत तुरिन आणि मुंबई या दोन्ही शहरांनी या तीन गुणांचाच उपयोग केला. मात्र तुरिनने पहिल्या गुणाला अधिक महत्त्व दिले, तर मुंबईने तिसऱ्या.

४. युद्धोत्तर तुरिन : टंचाईतून निर्मिती

१९४५ मध्ये इटली पराभूत आणि उद्ध्वस्त अवस्थेत होता. बॉम्बवर्षावाने फियाटच्या कारखान्यांचे मोठे नुकसान झाले होते. कच्चा माल, इंधन आणि टायर यांची टंचाई होती. अशा वेळी शर्यतीची मोटार बांधण्याचा विचार विसंगत वाटण्यासारखाच होता. तो विचार केला पिएरो दुझिओ याने. दुझिओ तरुणपणी युव्हेंतुस संघाकडून फुटबॉल खेळला होता, पुढे त्याच संघाचा अध्यक्ष झाला आणि कापड व्यवसायात त्याने मोठी संपत्ती मिळवली होती. स्वतः मोटार शर्यतीत भाग घेण्याचीही त्याला हौस होती. त्याच्या उद्योगसमूहाचे संक्षिप्त नाव 'चिसितालिया' असे होते.

दुझिओने फियाटचा अभियंता जाकोसा यालाच गाठले. फियाटच्या संमतीने, नोकरीव्यतिरिक्तच्या वेळात जाकोसाने या गाडीचा आराखडा तयार केला. पुढे जोव्हान्नी साव्होनुत्सी या अभियंत्याने ते काम हाती घेऊन पूर्णत्वास नेले. '१९४६' या वर्षावरून गाडीला 'डी-४६' हे नाव पडले.

या गाडीची रचना पाहिली असता टंचाईचे रूपांतर गुणात कसे करता येते, हे दिसून येते. इंजिन फियाट ११०० चे, पुढील चाकांची लवचीक जोडणी फियाट ५०० वरून घेतलेली, बाकीचे अनेक भागही त्याच कंपनीच्या सामान्य गाड्यांचे. नवे होते ते मुख्यतः दोन ठिकाणी. जड चॅसीऐवजी बारीक पोलादी नळ्या एकमेकींना जोडून तयार केलेला त्रिमितीय सांगाडा वापरण्यात आला. मालिकेत बांधल्या गेलेल्या शर्यतीच्या गाड्यांत अशा सांगाड्याचा हा अगदी आरंभीचा वापर होय. दुझिओच्या समूहाला सायकलनिर्मितीचा अनुभव होता, हा तपशील येथे लक्षणीय आहे. दुसरे म्हणजे इंजिनातील दाबाचे गुणोत्तर वाढवून आणि वंगणाची व्यवस्था बदलून त्याची शक्ती दुपटीच्या आसपास, म्हणजे साठ ते सत्तर अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली. गाडीचे वजन अवघे चारशे किलोग्रॅमच्या आसपास होते. शक्ती मर्यादित असेल तर वजन कमी करावे, हे तत्त्व त्यामागे होते.

दुझिओची कल्पना केवळ गाडी बांधण्यापुरती नव्हती. एकसारख्या अनेक गाड्या तयार करून त्या वेगवेगळ्या चालकांना द्याव्यात, शहराशहरांतून त्यांच्या शर्यती घ्याव्यात आणि जिंकणे पैशावर नव्हे तर कौशल्यावर अवलंबून राहावे, अशी त्याची योजना होती. फिरत्या सर्कशीसारखी ही योजना मार्च १९४७ मध्ये इजिप्तमधील कैरो येथे प्रत्यक्षात आली. तेथील शर्यत फ्रांको कोर्तेसे याने जिंकली. आर्थिकदृष्ट्या ही योजना पुढे चालली नाही. परंतु 'समान साधने, मग स्पर्धा' हे तत्त्व आजच्या अनेक शर्यत-मालिकांनी स्वीकारलेले आहे.

५. यश, कीर्ती आणि अस्त

सप्टेंबर १९४६ मध्ये तुरिनच्या व्हॅलेंतिनो उद्यानात 'कोप्पा ब्रेझी' ही शर्यत झाली. डी-४६ गाड्यांचे हे पहिलेच दर्शन. स्वतः दुझिओ विजयी झाला, कोर्तेसे दुसरा आला व लुई शिरोन तिसरा. परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो नुवोलारी. धावत्या गाडीचे सुकाणूचक्र निखळून त्याच्या हाती आले. ते चक्र हातात उंच धरून तो प्रेक्षकांसमोरून गाडी हाकत गेला, ही घटना मोटार शर्यतीच्या इतिहासात सुपरिचित आहे. कीर्तीच्या दृष्टीने हा प्रसंग मनोरंजक असला, तरी घाईने बांधलेल्या यंत्राची मर्यादाही त्यातून दिसते, हे इतिहासकाराने विसरू नये.

पुढच्या वर्षी, जून १९४७ मध्ये, 'मिले मिलिया' ही सुमारे १,८०० किलोमीटरची रस्त्यावरील शर्यत युद्धानंतर प्रथमच झाली. नुवोलारी तेव्हा ५४ वर्षांचा होता, त्याची प्रकृती ढासळली होती आणि त्याचे दोन्ही मुलगे वारले होते. डी-४६ ची भावंड असलेली, त्याच फियाट इंजिनाची 'चिसितालिया २०२' घेऊन तो उतरला. त्याच्यासमोर जवळजवळ तिप्पट क्षमतेचे इंजिन असलेली आल्फा रोमिओ होती. बराच काळ आघाडीवर राहिल्यावर मुसळधार पावसाने त्याच्या उघड्या गाडीच्या विद्युत यंत्रणेत पाणी शिरले आणि अखेर तो दुसरा आला. तिसरे व चौथे स्थानही चिसितालिया गाड्यांनीच मिळवले. याच २०२ ची पिनिन फारिना यांनी घडवलेली बंद आवृत्ती १९५१ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आठ मोटारींच्या प्रदर्शनात मांडली गेली व पुढे त्या संग्रहालयाच्या कायम संग्रहात दाखल झाली.

एवढे यश मिळूनही कंपनी टिकली नाही. लहान इंजिनाच्या मर्यादेत राहून जे साधले होते, ते सोडून दुझिओने सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतीसाठी पोर्शे यांच्या कार्यालयाकडून बारा सिलिंडरची, चारही चाकांना गती देणारी अत्यंत खर्चिक गाडी तयार करवून घेण्याचा घाट घातला. त्या खर्चाने कंपनी दिवाळखोरीत गेली आणि दुझिओने अर्जेंटिनाची वाट धरली. मात्र कंपनी बुडाली तरी तिथले ज्ञान बुडाले नाही. तिच्या शर्यत विभागात काम केलेल्या कार्लो आबार्थ याने १९४९ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि पुढील दोन दशके फियाटच्या लहान गाड्यांना शर्यतीयोग्य बनवण्याचा व्यवसाय यशस्वीपणे केला. कोर्तेसेने मे १९४७ मध्ये फेरारीची पहिली गाडी तिच्या पहिल्या शर्यतीत चालवली. संस्था अल्पायुषी ठरली तरी तिच्यातील माणसे शहरभर पसरली, ही तुरिनच्या अनुभवातील सर्वांत महत्त्वाची बाब होय.

६. वालचंद हिराचंद आणि कुर्ल्याचा कारखाना

आता याच इंजिनाच्या महाराष्ट्रातील वाटचालीकडे वळू. तिची पार्श्वभूमी स्वातंत्र्यापूर्वीची आहे. १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्स कंपनी परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जोडणी करून मोटारी विकत असे. परंतु जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे. भारतात मोटारी संपूर्णपणे तयार व्हाव्यात यासाठी १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी योजना आखली आणि सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी तिचा पाठपुरावा केला. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाची योजनेला सहानुभूती होती. वालचंद यांनी अमेरिकेत क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. तथापि महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने मोटार उद्योगाला युद्धोपयोगी मानण्यास नकार दिला. विमाननिर्मितीसाठी बेंगळुरू आणि जहाजबांधणीसाठी विशाखापट्टणम येथे वालचंद यांनी त्याच सुमारास उभारलेले प्रकल्प पाहता, मोटार उद्योग हा त्यांच्या व्यापक औद्योगिक स्वप्नाचा तिसरा पाय होता, असे म्हणता येते.

प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीची स्थापना १९४४ मध्ये झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर समूहाच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. त्या मोठ्या व इंधनखाऊ अमेरिकी गाड्या होत्या. भारतीय मध्यमवर्गाला परवडेल अशा लहान गाडीसाठी कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी फियाटशी करार केला. प्रथम 'फियाट ५००' आणि नंतर इटलीत १९५३ मध्ये आलेली 'फियाट ११००-१०३' कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिच्या बॉनेटखाली ६८ बाय ७५ मिलिमीटर मापांचे, १०८९ घनसेंटीमीटरचे तेच इंजिन होते, ज्याच्या कुळात डी-४६ चे हृदय घडले होते. वालचंद यांचे ८ एप्रिल १९५३ रोजी निधन झाले; या लहान गाडीचा पुढचा दीर्घ प्रवास त्यांना पाहता आला नाही.

७. परवाना काळ : निर्मिती आली, बदल थांबला

१९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण स्पष्ट केले. ज्यांचा भारतात निर्मितीचा कार्यक्रम नाही, त्यांना केवळ जोडणीचा धंदा करता येणार नाही. परिणामी फोर्ड व जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. प्रवासी मोटारींच्या क्षेत्रात हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्या तीनच कंपन्या प्रमुख राहिल्या. स्वदेशी निर्मितीच्या दृष्टीने या धोरणाचे श्रेय नाकारता येत नाही. क्रँकशाफ्टपासून कार्ब्युरेटरपर्यंत भाग देशात तयार होऊ लागले. सुटे भाग पुरवणारा लघुउद्योगांचा मोठा वर्ग मुंबई, ठाणे व पुणे परिसरात उभा राहिला. पुढील काळातील महाराष्ट्राच्या वाहन उद्योगाचा पाया याच काळात घातला गेला.

परंतु याच धोरणाची दुसरी बाजूही होती. औद्योगिक (विकास व नियमन) अधिनियम, १९५१ नुसार किती उत्पादन करावे आणि नवीन कोणती वस्तू करावी, यासाठी सरकारची परवानगी आवश्यक झाली. १९५७-५८ च्या परकीय चलनटंचाईनंतर नव्या यंत्रसामग्रीची आयात अधिकच कठीण झाली. मोटार ही चैनीची वस्तू मानली गेल्याने तिचा क्रम नेहमी शेवटी लागे. मोटारींच्या किमतीवरही सरकारचे नियंत्रण होते. किंमत ठरवण्याच्या पद्धतीविषयीचा प्रीमियरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एकीकडे ग्राहकांची वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी आणि दुसरीकडे बांधलेली किंमत, अशा स्थितीत नवा नमुना काढण्यासाठी कंपनीला ना सक्ती होती ना पुरेसे प्रोत्साहन.

याचा परिणाम इंजिनावर स्पष्ट दिसतो. १९६० च्या दशकात कुर्ल्याच्या गाडीचा बाह्य आकार बदलून ती 'फियाट ११०० डिलाइट' झाली. इटलीतील मूळ '११०० डी' ला मोठे, १२२१ घनसेंटीमीटरचे इंजिन मिळाले होते. कुर्ल्यात मात्र १०८९ च कायम राहिले. करार संपल्यावर १९७० च्या दशकाच्या आरंभी गाडीचे नाव प्रथम 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाले. नाव बदलले, तरी यंत्र तेच राहिले. इकडे तुरिनमध्ये त्याच दांते जाकोसाच्या नेतृत्वाखाली फियाटने १९६९ मध्ये '१२८' ही पुढील चाकांना गती देणारी पूर्णतः नवी गाडी आणली आणि ११०० ला निरोप दिला. म्हणजे ज्या अभियंत्याने हे इंजिन निर्माण केले, त्यानेच ते बाजूला ठेवले. त्यानंतरही सुमारे तीन दशके आपण ते तयार करीत राहिलो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ही स्थिरता मोडली. १९८५ मध्ये प्रीमियरने '११८ एनई' काढली. तिचा सांगाडा फियाट १२४ चा आणि इंजिन निस्सानचे होते. चाळीस वर्षे मोटारी तयार केल्यानंतरही नव्या गाडीसाठी सांगाडा एका देशाचा व इंजिन दुसऱ्या देशाचे घ्यावे लागले. यावर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

८. दोन स्थानिक उदाहरणे : मीरा आणि चेतक

'आपल्याकडे कल्पकताच नव्हती' असा निष्कर्ष येथे कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्योत्तर काळात 'मीरा' नावाची लहान मोटार स्वतःच्या बुद्धीने घडवली आणि १९७० च्या दशकापर्यंत तिचे एकामागून एक सुधारित नमुने तयार केले. सामान्य कुटुंबाला परवडणारी गाडी हे त्यांचे ध्येय होते. केंद्र सरकारच्या पातळीवरही १९५९-६० मधील झा समितीपासून स्वस्त मोटारीची चर्चा चालूच होती. तरीही मीरा व्यावसायिक उत्पादनापर्यंत पोहोचू शकली नाही. दुझिओला १९४६ मध्ये फियाटचे भाग, फियाटचा अभियंता आणि शहरातील पत्राकाम करणारे कुशल कारागीर उपलब्ध होते, आणि गाडी बांधण्यासाठी कोणाच्या परवान्याची वाट पाहावी लागली नाही. इचलकरंजीत बुद्धी होती. तिला आधार देणारी व्यवस्था नव्हती.

याउलट दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. बजाज ऑटोने १९६० च्या सुमारास इटलीच्याच पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर तयार करण्यास आरंभ केला. १९७१ मध्ये करार संपल्यावर कंपनीने १९७२ मध्ये 'चेतक' आणली. आरंभी ती व्हेस्पाचीच आवृत्ती होती. परंतु संख्येचा विस्तार आणि त्यातून उभी राहिलेली अभियांत्रिकी यांच्या बळावर आकुर्डीचा कारखाना टिकला व वाढला. परवाना पद्धती दोघांनाही समानच होती. म्हणून सर्व दोष केवळ धोरणावर टाकणेही योग्य नाही. व्यवस्थापनाचे निर्णय आणि बाजाराचे स्वरूप यांचाही वाटा मान्य करावा लागतो.

९. कामगार आणि मेकॅनिक

आतापर्यंत उद्योगपती, अभियंते आणि सरकार यांचा विचार झाला. परंतु इंजिन प्रत्यक्षात ज्यांच्या हातून घडले व ज्यांच्या हातून टिकले, त्या दोन वर्गांचा विचार केल्याशिवाय हा इतिहास अपूर्ण राहील.

पहिला वर्ग कुर्ल्याच्या कामगारांचा. प्रीमियरच्या मोटारनिर्मिती विभागातील प्रोत्साहन-वेतनाविषयीच्या वादातून निर्माण झालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७५ मध्ये त्यावर दिलेला निर्णय औद्योगिक विवादांत दिवाणी न्यायालयाचा अधिकार किती, या प्रश्नावरील आधारभूत निर्णय मानला जातो. आपल्या महाविद्यालयांतून कामगार कायदा शिकवताना हा निर्णय सांगितला जातो. पण ज्या विभागातील वेतनावरून तो वाद झाला, तेथे नेमके काय तयार होत होते, याचा उल्लेख सहसा होत नाही. कायद्याचा इतिहास आणि यंत्राचा इतिहास असे वेगळे शिकवले गेल्याने दोन्ही अपुरे राहतात.

दुसरा वर्ग गॅरेजमधील मेकॅनिकांचा. पद्मिनी टिकली ती कारखान्यामुळे जेवढी, त्याहून अधिक या लोकांमुळे. सिलिंडर झिजले की बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घालणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे, कार्ब्युरेटर खोलून साफ करणे, पत्रा ठोकून पुन्हा आकारात आणणे, ही कामे तालुक्याच्या गावातील लहान गॅरेजातही होत असत. यांपैकी बहुतेकांनी अभियांत्रिकीचे पुस्तक पाहिलेले नव्हते. उस्तादाच्या हाताखाली राहून, आवाजावरून बिघाड ओळखण्याची ही विद्या हातातून हातात गेली. शर्यतीच्या क्षेत्रातही हेच दिसते. मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या युद्धकालीन धावपट्टीवर १९५० च्या दशकापासून होणाऱ्या शर्यतींत फियाट ११०० गाड्या धावत. साध्या प्रवासी गाडीच्या इंजिनातून अधिक शक्ती काढण्याची, दुझिओच्या कार्यशाळेत १९४६ मध्ये केली गेलेली खटपट येथे स्थानिक कारागीर आपल्या परीने करीत होते. फरक इतकाच की, तुरिनमध्ये अशा खटपटीतून आबार्थसारखी कंपनी उभी राहिली. आपल्याकडे ती खटपट गॅरेजच्या उंबरठ्याबाहेर गेली नाही. कारखान्यातील आराखडा विभाग आणि गॅरेजमधील अनुभवी हात यांच्यामध्ये देवाणघेवाणीचा मार्गच नव्हता. जात, शिक्षण आणि भाषा यांनी आखलेल्या रेषा येथे कार्यरत होत्या, हे मान्य करावे लागते.

टॅक्सीच्या रूपाने पद्मिनीचे मुंबईतील आयुष्य कारखाना बंद झाल्यावरही चालू राहिले. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे हद्दपार झाली. १९३७ मध्ये तुरिनला जन्मलेल्या रचनेचा प्रवास अशा रीतीने मुंबईत संपला.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) चिसितालिया डी-४६ चे महत्त्व तिच्या विजयांपेक्षा तिच्या निर्मितीच्या पद्धतीत आहे. सामान्य गाडीचे स्वस्त भाग घेऊन, जेथे आवश्यक तेथेच नवी बुद्धी लावून, टंचाईच्या काळात श्रेष्ठ वस्तू तयार करता येते, हे तिने सिद्ध केले. ती मर्यादा सोडताच कंपनी कोसळली, हेही तितकेच बोधप्रद आहे.

(२) कुर्ल्याच्या कारखान्याने निर्मितीचे स्वावलंबन मोठ्या प्रमाणात साधले. रचनेचे स्वावलंबन मात्र साधले नाही. स्वदेशी भाग आणि स्वदेशी विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आली म्हणजे दुसरी आपोआप येते, हे परवाना काळातील धोरणाचे गृहीतक चुकीचे ठरले.

(३) तथापि दीर्घायुष्य ही देखील एक ऐतिहासिक कामगिरी आहे. तुरिनची गाडी तीन-चार वर्षे गाजली आणि संग्रहालयांत व संग्राहकांकडे गेली. मुंबईच्या गाडीने अर्धशतक सामान्य माणसाची सेवा केली आणि हजारो कुटुंबांना रोजगार दिला. यशाचा मापदंड केवळ नावीन्य मानला, तर या दुसऱ्या कामगिरीवर अन्याय होतो.

(४) टिकवण्याचे हे ज्ञान लिखित स्वरूपात कोठेही नाही. चिसितालियाच्या प्रत्येक चॅसी-क्रमांकाचा इतिहास युरोपातील संग्राहकांनी काळजीपूर्वक जतन केला आहे. ज्या हातांनी आपल्याकडे हेच इंजिन पन्नास वर्षे चालते ठेवले, त्यांची नावेही आपण लिहून ठेवलेली नाहीत.

शेवटचा मुद्दा आपल्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांशी थेट संबंधित आहे. कुर्ल्याच्या कारखान्याच्या दप्तरापर्यंत मारेगावच्या विद्यार्थ्याला पोहोचणे कठीण आहे. परंतु बसस्थानकाजवळच्या गॅरेजातील वृद्ध मेकॅनिकापर्यंत पोहोचण्यासाठी प्रवासखर्च लागत नाही, पाहिजे ती एक वही आणि ऐकण्याची तयारी. पदवी वर्गाच्या प्रकल्पकार्यासाठी दरवर्षी तेच ते विषय पुन्हा देण्याऐवजी, आपापल्या तालुक्यातील गॅरेज, पिठाच्या गिरण्या, जिनिंगमधील फिटर, पंपदुरुस्ती करणारे कारागीर यांच्या मौखिक इतिहासाचे संकलन हाती घेतले, तर महाराष्ट्राच्या तंत्रज्ञानाच्या इतिहासातील मोठी उणीव भरून निघू शकेल. हे काम वेळेशी बांधलेले आहे. पद्मिनी गेली, ती उघडून बसणारे हात अजून काही वर्षे आपल्यात आहेत. ते आहेत तोवर त्यांच्याकडे जाणे, हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.